हजर आणि नोंद

फोनने मला सकाळी सकाळी कालबाह्य म्हटलं. तसं नेमकं मला नाही, माझ्या निरोपांच्या ॲपला म्हटलं. पण तोंडही न धुतलेल्या निवृत्त माणसाच्या हातात 'ही आवृत्ती कालबाह्य झाली आहे, पुढे जाण्यासाठी अद्ययावत करा' अशी पाटी आली, की तो ती आधी स्वतःला लावून बघतो. मी लावून बघितली. बसली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं की रोख ॲपवर आहे. खाली बटण होतं, ते दाबलं. एक गोल फिरायला लागला. दूध तापलं, उतू गेलं, ओटा पुसून झाला, तरी गोल आपला फिरतोच आहे.

दुसऱ्या कुणाचं ॲप असं अडून बसलं असतं, तर तो म्हणाला असता, बसू दे. एक दिवस लोकांच्या फुलांसकटच्या शुभेच्छा वाचल्या नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही. माझं अडत होतं. मला नोंद द्यायची होती.

नोंद ही काय भानगड आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा सगळा प्रकार म्हणजे एका म्हाताऱ्याचा हट्ट वाटेल. तो हट्ट होताच, पण नियमाला धरून होता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर होतो. लोकांच्या लाईनी तपासायच्या, तक्रारी घ्यायच्या आणि रस्त्याखालच्या चेंबरमध्ये केबल जोडायला उतरलेल्या माणसांवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. चेंबर म्हणजे रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखालची खोली. तिच्यात पाणी साचतं, वायू साचतो, आणि आत गेलेला माणूस वरच्यांना दिसत नाही. म्हणून खालच्याने थोड्या थोड्या वेळाने लाईनवर 'हजर' म्हणायचं आणि डेस्कने 'नोंद' म्हणायचं. 'हजर' आलं नाही तर डेस्कने माणसं धाडायची. खालचा माणूस वर येईपर्यंत डेस्कवाल्याने खुर्ची सोडायची नाही, पोटात कळ आली तरी नाही. याला एक दुसरं कलमही होतं. 'नोंद' आली नाही, डेस्क गप्प राहिलं, तर खालच्याने हातातलं काम टाकून वर यायचं आणि थेट डेस्कपाशी येऊन उभं राहायचं, कारण वर काहीतरी बिनसलेलं असणार. माझ्या उभ्या नोकरीत हे कलम वापरायची वेळ कुणावर आली नाही. माझं डेस्क कधी गप्प नव्हतं. त्यामुळे त्याचा इथे नुसता उल्लेख करून ठेवतो.

खाली उतरणाऱ्यांतला माझा माणूस म्हणजे पाताळ. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला पाताळच म्हणत, कारण तो कायम जमिनीखाली. आम्ही निवृत्त झालो, मग एक्स्चेंजच बंद पडलं, मग आमच्या बायका गेल्या, आधी त्याची, नंतर माझी. चेंबरमधलं पाणी उपसणाऱ्या पंपांच्या धडधडीने त्याचे कान नोकरीतच अर्धे गेले होते, ते आता पुरते गेले. मुलाने कानात घालायचं यंत्र आणून दिलं, ते शिट्ट्या मारतं म्हणून याने खणात टाकलं. पुढे हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढायचे नाहीत, धावपळ करायची नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत सावकाश जायचं आणि परत यायचं. असा हा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटा. दाराची घंटा ऐकू येत नाही, फोनची येत नाही. शेवटी मीच त्याला कागदावर लिहून दाखवलं, 'तू परत चेंबरमध्ये उतरला आहेस असं समज. रोज सकाळी हजर दे.'

त्याला ते इतकं आवडलं, की त्या दिवसापासून एकही सकाळ चुकली नाही. मी उठायच्या आत 'हजर' आलेलं असे, आणि सोबत खिडकीतून काढलेला आकाशाचा फोटो. जन्म जमिनीखाली गेल्यामुळे त्याला आकाशाचं फार अप्रूप. मी 'नोंद' लिहायचो. बाकी आम्ही काही बोलत नसू. दोन म्हाताऱ्यांना यापेक्षा जास्त बोलायला लागतं असं मला वाटत नाही.

आता त्या सकाळी पाताळाचं 'हजर' आलं होतं की नव्हतं, हे मला दिसत नव्हतं. आणि आलं असेल तर माझी 'नोंद' त्याला जात नव्हती.

मी फोन घेऊन जिन्यात आलो. घरापेक्षा जिन्यात रेंज बरी येते, असा आमच्या इमारतीत समज आहे. समोरच्या वहिनी दारात बसून कुणाच्या तरी ब्लाउजला काजं करत होत्या. वहिनी शिवणकाम करतात. त्यांच्या कानावर शिवणाचा खडू कायम अडकवलेला असतो आणि जिन्यात काय चाललंय यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "मग भावजी, सरळ जाऊन बघून या ना त्यांना. दोन बस तर बदलायच्या."

"डेस्क सोडता येत नाही, वहिनी."

"कुठलं डेस्क?" असं म्हणून त्यांनी माझ्या उघड्या दारातून आत पाहिलं. आत जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर काल रात्रीचं ताट.

मी विषय वाढवला नाही. वहिनींनी मग आपला फोन पुढे केला. त्यांच्या फोनवरून पाताळाच्या नंबरवर आम्ही लिहिलं, 'हजर आहात का? कळवा.' निरोप पोचल्याची खूण आली, पण तो वाचल्याची येईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अनोळखी नंबरवरून आलेलं काहीही उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद पाताळाला एका माणसाने दिलेली आहे. तो माणूस मी. लोकांना फसवतात, लुबाडतात, तू साधा आहेस, वगैरे तासभर लिहून दाखवलं होतं. साध्या मेसेजचा मार्गही मी करून पाहिला, पण तिथे जाहिरातींची इतकी गर्दी असते की पाताळ त्या बाजूला फिरकतच नाही. तसंही ते मीच सांगितलं होतं.

एवढ्यात खालचे दातांचे डॉक्टर दवाखाना उघडायच्या आधी आपलं वर्तमानपत्र शोधत वर आले. ते रोज आमच्या मजल्यावर येतं आणि रोज ते शोधत येतात. त्यांनी फोन हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि आत डोकावल्यासारखं केलं. "बंद करून चालू केलात?"

केला. पुन्हा गोल.

"काका, आत जागाच नाहीये हो. सगळी दाटी झालीय. थोडे काढावे लागतील."

"काय काढावे लागतील?" मी एकदम तोंडावर हात धरून विचारलं.

"फोटो. बघा ना, एवढे कशाला साठवलेत? सगळे सारखेच दिसतात."

ती पाताळाची आकाशं होती. निळी, पांढरी, मळकट, खिडकीच्या गजांसकट. एकेक बघून ठरवायला लागलो असतो तर दुपार झाली असती, आणि मला घाई होती. डॉक्टर म्हणाले, सगळी एकदम निवडा आणि पुसा. दाढ काढण्यापूर्वी ज्या आवाजात 'काही दुखणार नाही' म्हणतात, त्या आवाजात म्हणाले. मी पुसली. फोनने विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, नक्की. जागा झाली. गोल फिरायला लागला आणि आता त्याखाली 'प्रलंबित' असा शब्द आला.

प्रलंबित! हा शब्द मी स्वतः उभ्या हयातीत किती लोकांना ऐकवला आहे. बाई, तुमची तक्रार प्रलंबित आहे. काका, तुमचं काम प्रलंबित आहे. त्या शब्दाचा अर्थ 'आम्ही काहीही करत नाही आहोत' असा होतो, हे मला आतून माहीत आहे.

"मी म्हणते, तुम्ही जाऊनच या," वहिनी म्हणाल्या.

अशा वेळी सेक्रेटरी आले नसते तर बरं झालं असतं. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत लिफ्टला 'काम चालू आहे' अशी पाटी लागली आणि ती आता लिफ्टपेक्षा जुनी वाटते. ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर दम खात थांबले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "हे काय लहान मुलासारखं चोळत बसलात? ॲप काढून टाका समूळ आणि परत घ्या. मी घरी सगळ्यांचं असंच करतो."

"काढल्यावर परत येतं?"

"न येऊन सांगतं कुणाला?"

हा आत्मविश्वास लिफ्टच्या बाबतीतही होता, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. पण डॉक्टर मान डोलावत होते आणि दोन सुशिक्षित माणसं एका मताची झाली की मी आपला पक्ष सोडतो. मी ॲप काढून टाकलं. जिथे ते हिरवं चिन्ह होतं तिथे मोकळी जागा झाली. मग परत घ्यायला गेलो, तर दुकानाने, म्हणजे फोनमधल्या दुकानाने, खात्याचा पासवर्ड मागितला.

पासवर्ड मुलीने ठेवलेला. मुलीला फोन लावला. तिने तो कापला आणि 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते' असा तयार निरोप पाठवला. ती जिथे राहते तिथे मीटिंग दिवसभर चालतात. मला कधीकधी वाटतं, तिथे काम कुणी करतच नसेल. 'पासवर्ड विसरलात?' असं फोननेच विचारलं. हो म्हटलं. मग त्याने सुरक्षेचा प्रश्न टाकला, 'तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?'

आमच्याकडे एक मांजर होतं. मी त्याला टेस्टर म्हणत असे, कारण ते प्रत्येक भांड्यात तोंड घालून पाही. बायको त्याला बाळ म्हणायची. मुलगी लहान होती, ती त्याला रोज नवीन नाव द्यायची, कधी शाळेतल्या बाईंचं, कधी बिस्किटाचं. मांजर कुठल्याच हाकेला ओ देत नसे. मी टेस्टर लिहिलं. चूक. बाळ लिहिलं. चूक. मग बाईंची नावं आठवेनात म्हणून बिस्किटांची लिहीत सुटलो. वहिनींनीही दोन बिस्किटं सुचवली. शेवटी फोन म्हणाला, फार प्रयत्न झाले, तुमची ओळख पटवण्यासाठी आम्ही तुमच्या नोंदलेल्या दूरध्वनीवर फोन करून एक अंक सांगतो.

मला हायसं वाटलं. "आता झालं," मी म्हटलं, "आता येईल फोन." हातातल्या फोनकडे सगळे बघत राहिलो. फोन येईना. सेक्रेटरींनी मग चष्मा वर सरकवून नोंदलेल्या नंबरचे शेवटचे आकडे वाचले. ते माझ्या घरच्या जुन्या टेलिफोनचे होते. खातं उघडताना मुलीने विचारलं होतं, बाबा, कुठला नंबर देऊ? मी छाती फुगवून सांगितलं होतं, घरचा दे, तारेचा. तारेला तोड नाही.

घरात तो टेलिफोन अजून आहे. बायकोने विणलेली जाळी त्याच्यावर आहे, ती मी धुतो. मी आत गेलो आणि जाळी बाजूला करून रिसीव्हर कानाला लावला. आत काही नव्हतं. खरखरही नव्हती. ही लाईन मी स्वतः टाकून घेतली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला पाताळाने आपल्या हाताने सांधा केला होता. फोन कंपनीचं यंत्र त्या सांध्यापाशी कुठेतरी आपला अंक सांगत उभं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं. मला रडू आलं. कुणी बघितलं नाही, जाळी सारखी करण्याच्या निमित्ताने मी डोळे पुसले.

मदतीच्या नंबरावर मग मी बराच वेळ होतो. आधी गाणं, मग एक बाई, मग गाणं. बाई खऱ्या नव्हत्या. त्या म्हणत, 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' मी म्हणे, "माझी नाही हो, पाताळाची." त्या म्हणत, 'समजलं नाही, पुन्हा सांगा.' मी तक्रार घेणारा माणूस आहे, मला तक्रार करायची सवय नाही. मी अदबीने बोलत होतो, थांबत होतो, समोरच्याला लिहून घ्यायला वेळ देत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, 'तक्रार नोंदवण्यात आली आहे. जवळच्या सेवा केंद्राला भेट द्या.' आणि फोन ठेवला. एका अर्थी 'नोंद' मिळाली होती, पण ती उलट्या दिशेने.

म्हणजे खुर्ची सोडावी लागणार होती. मी कपडे बदलले, लॅचचं दार ओढून घेतलं. डेस्क सोडून जाताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "आता बाहेर पडताच आहात तर तिकडेच जा की, भावजी. फोनचं नंतर बघा."

"फोन नीट झाल्याशिवाय तिकडे जाऊन काय करू?"

हे वाक्य मी बोललो. त्या वेळी ते मला अगदी सरळ वाटलं. सकाळपासून मला पुष्कळ सल्ले मिळाले होते. मी ते सगळे ऐकले, हा एक सोडून.

सेवा केंद्र थंडगार होतं आणि तिथे माझ्यासारखेच लोक टोकन धरून बसले होते, कुणीही कुणाशी बोलत नव्हतं. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता फोन उलटा करून पाहिला. "बिल?"

बिल मी नेलं होतं. मी अशा गोष्टी घेऊनच निघतो.

"हे तर एका मॅडमच्या नावावर आहे."

"माझी मुलगी."

"पुरावा?"

"ती माझी मुलगी असल्याचा?"

"तुम्ही तिचे वडील असल्याचा."

यात फरक काय, ते मला अजून समजलेलं नाही. मी माझं ओळखपत्र दिलं. त्यांनी त्यावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "हे तुम्हीच का?"

"होतो," मी म्हटलं.

मग माझा तोल गेला. मी त्या माणसाला म्हटलं, अहो, मी टेस्ट डेस्कवर होतो, एक माणूस तिकडे खाली आहे, त्याला ऐकू येत नाही, त्याचं हृदय अधू आहे, त्याला 'नोंद' द्यायची राहिली आहे, तुम्हाला बाप असल्याचा पुरावा हवा असेल तर माझा बाप मेला आहे, त्याचाही दाखला आणू का? आवाज चढला असावा. टोकनवाले सगळे बघायला लागले. सुरक्षारक्षक दोन पावलं पुढे आला आणि माझं वय बघून थांबला. काउंटरवरचे गृहस्थ पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "काका, शांत व्हा. जुनं खातं राहू द्या. नवीन काढून देतो."

"नवीन काढता येतं?"

"कुणालाही काढता येतं. घरी बसून येतं."

सकाळपासून जे अडलं होतं ते त्यांनी बोलता बोलता केलं. नवीन खातं, नवीन पासवर्ड, ॲप. हिरवं चिन्ह जागेवर आलं. त्याखाली लिहिलं होतं, 'तुमचे निरोप आणत आहोत, थांबा.' आणि गोल फिरायला लागला. "हा गोल थांबेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, थांबेल, जुने निरोप खूप साठलेत, वेळ लागेल, तुम्ही निघा. मी त्यांचे आभार मानले. मघाच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. बसमध्ये फोन मांडीवर ठेवून मी त्या गोलाकडे बघत बसलो होतो, आणि मनात उत्तर तयार करत होतो. नुसतं 'नोंद' लिहावं, की 'नोंद. यंत्रात बिघाड होता' असं लिहावं? डेस्कने कारणं देऊ नयेत, असं ठरवलं.

आमच्या इमारतीचा जिना चढायला लागलो तेव्हा मी खुशीत होतो. हे लपवून उपयोग नाही. माणसाची इज्जत सकाळभर जिन्यात सांडलेली असली, की ती एकदम गोळा झाल्याचा आनंद काही वेगळाच असतो. लिफ्टच्या पाटीलाही मी मनातल्या मनात माफ केलं. पहिल्या मजल्यावर पोचलो आणि हातातला फोन थरथरला. गोल थांबला होता. सगळ्यांत वर पाताळ होता.

'हजर.' आणि आकाशाचा फोटो. ढगाळ होतं.

मी तिथेच उभा राहून मोठ्याने हसलो. चला, माणूस जिवंत आहे. पुन्हा थरथरला.

'हजर. नोंद?'

'झोपलास का रे?'

मी दुसऱ्या मजल्यावर आलो. पुढचं तिथे आलं.

'हजर हजर हजर.'

'बरा आहेस ना?'

आणि त्याखाली शेवटचं, 'डेस्क गप्प आहे. वर येतोय.'

मघाशी मी दुसऱ्या कलमाचा नुसता उल्लेख केला होता. वापरायची वेळ कधी आली नाही, असंही सांगितलं होतं. दोन बस, आणि त्यानंतर आमचे तीन मजले. मी वरचा जिना कसा चढलो ते आठवत नाही.

तो माझ्या दारापाशी पायरीवर बसला होता, पाठ दाराला टेकवून. पायात घरातल्याच सपाता होत्या. घाईत शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली. मला इतकं बरं वाटलं की मी आधी त्याच्यावर ओरडलोच. "अरे गाढवा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? जिने चढत आलास? मी मेलो असतो तरी काय करणार होतास तू इथे येऊन?" बहिऱ्या माणसावर ओरडण्यात एक सोय असते, आपल्याला हवं ते बोलून घेता येतं. तो झोपला असावा म्हणून मी खांद्याला हात लावला. मग काढून घेतला.

भिंतीवर शिवणाच्या खडूने वहिनींच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ते ठीक आहेत. फोन दुरुस्तीला गेलेत. बसा.' त्याच्या खाली वेगळ्या, वाकड्या अक्षरात होतं, 'नोंद.'

वहिनी आणि दातांचे डॉक्टर धावत वर आले. वहिनी डॉक्टरांना बोलवायला गेल्या होत्या. त्या रडत बोलत होत्या, "अहो, दार किती ठोकलं त्यांनी, पार घामाघूम. मी ओरडून सांगते तर ऐकूच येईना, म्हणून मग भिंतीवर लिहिलं. वाचलं आणि काय हसले हो! माझ्याकडून खडू घेतला, खाली लिहिलं. म्हणाले, आता तो आल्याशिवाय हलत नाही. खुर्ची देत होते तर नको म्हणाले. मी गॅस बंद करायला आत गेले, तेवढ्यात..." डॉक्टरांनी खाली बसून त्याचं मनगट धरलं. दातांचा डॉक्टर असला तरी तेवढं कळतं. त्यांनी ते बराच वेळ धरलं आणि मग अलगद त्याच्या मांडीवर ठेवलं. सेक्रेटरी दोन पायऱ्या खाली उभे होते. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

माझ्या हातात फोन होता. तो आता अगदी नीट चालत होता. माझं एक काम राहिलेलं होतं आणि ते केल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना. मी 'नोंद' लिहिलं आणि पाठवलं.

पाताळाच्या शर्टाचा खिसा थरथरला.

"हलले!" वहिनी किंचाळल्या आणि त्यांनी माझा दंड धरला. "भावजी, हलले ते! बघा, छाती हलली त्यांची! डॉक्टर, बघा ना!"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "तो फोन आहे."